कॉलरवरचा कान

त्याचं डोकं शेंगदाण्याएवढं. त्यावर काळी टोपी, मानेखाली बारीक दातांचा चिमटा, वायरीत अडकलेली एक छोटी डबी, आणि मग नुसती वायरच वायर. सहा मीटर. मोबाईलपासून माझ्या शर्टापर्यंत दीड मीटर पुरते. उरलेली साडेचार मीटर, तो घरात आला त्या दिवसापासून, टेबलाखाली वेटोळं घालून पडलेली असते. खोक्यावर त्याचं नाव होतं बोया बीवाय-एम१. मोबाईलवर व्हिडिओ करायला बसलेल्या कितीतरी जणांचा हाच पहिला माईक. आमच्या घरात मात्र त्याला कुणी माईक म्हणत नाही. बायको विचारते, ‘कान कुठं ठेवलाय?’

कान हेच त्याचं खरं नाव. मी सिनेमावर बोलतो, लोक माझं बोलणं ऐकतात, आणि त्या दोहोंच्या मध्ये हा ऐकत बसलेला असतो. काही माईक समोरचं तेवढं उचलतात, पाठीमागचं सोडून देतात. हा तसा नाही. याला चारी दिशा सारख्या. त्यामुळे होसकोट्यात राहून याला कॉलरला लावायचं म्हणजे अख्ख्या गावाला शेजारी बसवून बोलायचं.

आमच्या गल्लीपासून जुना मद्रास रस्ता हाकेच्या अंतरावर आहे. कोलारकडे जाणारे ट्रक रात्रभर गिअर बदलत जातात. पहाटे चारला दम बिर्याणीच्या रांगा लागतात; त्या बिर्याणीसाठी बंगळूरहून पंचवीस-तीस किलोमीटर गाड्या हाकत पोरं येतात, आणि शनिवारी-रविवारी त्या गाड्यांची दारं एकामागून एक आपटत राहतात. मग देवळातलं सुप्रभातम्, मशिदीतली अजान, घरमालकीण अज्जींच्या कुकरच्या शिट्ट्या. करंट गेला की कोपऱ्यावरच्या कल्याण मंडपाचा जनरेटर. रस्त्यावर कन्नड, तेलुगू, तमिळ, दखनी उर्दू. मराठी फक्त आमच्या खोलीत, आणि तीही बहुतेक वेळा या कानाशीच बोललेली.

तरी मराठी या गावाला अगदीच नवखी नाही. होसकोटे एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. पुढे ऑगस्ट १७६८ मध्ये गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांची छावणी इथं पडली होती, आणि हैदर अलीच्या फौजेनं तिच्यावर रात्री छापा घातला. मुराररावांनी आपल्या माणसांना बजावलं, की कुणी घोड्यावर बसायचं नाही. अंधारात जो घोड्यावर दिसेल तो शत्रू. छापा फसला. आपलं आणि परकं ओळखायची इतकी सोपी खूण मला फार आवडते. माझ्या कानाला अशी कुठलीच खूण ठाऊक नाही. तो ट्रक घेतो, शिट्टी घेतो, माझा श्वास घेतो, वाक्य घेतो, आणि यातलं कामाचं काय ते ठरवायचं माझ्यावर सोडतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. इथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात गिअरबॉक्सचा आवाज तपासायचं काम करतो. हेडफोन लावायचा, गिअरबॉक्स फिरवायचा आणि कुठला दात घासतोय ते सांगायचं. दिवसभर लोखंडाचं ऐकायचं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘नाळ’ बघायला बायकोबरोबर बंगळूरला गेलो. मराठी सिनेमाला तिथं एखाद-दुसरा खेळ मिळतो, तोही बहुधा सुट्टीच्या दिवशी. तेव्हा मेट्रो कृष्णराजपुरम् आणि व्हाइटफील्डपर्यंत आली नव्हती, ती २०२३ मध्ये आली. आम्ही दोन बस बदलून गेलो आणि दोन बस बदलून परतलो, आणि चारही बसमध्ये मी बोलत होतो. सुधाकर रेड्डी यक्कंटी या आंध्रातल्या माणसानं, ‘देऊळ’ आणि ‘सैराट’ कॅमेऱ्यातून बघितलेल्या माणसानं, मराठी खेड्यातल्या एका पोराचं मन इतक्या जवळून कसं बघितलं असेल? बायको म्हणाली, ‘हे सगळं कुठंतरी बोलून ठेवा. मला एकटीला ऐकवून काय उपयोग?’ पुढच्या आठवड्यात कान घरात आला.

पहिल्या रात्री मी बावीस मिनिटं बोललो. डबीवरच्या बटणाला दोन जागा असतात, एकीकडे कॅमेरा, दुसरीकडे मोबाईल. बटण कॅमेऱ्याकडे राहिलं होतं. बावीस मिनिटांची नुसती खरखर भरली होती. बारा वाजून गेले होते. मी बटण सरकवलं आणि पुन्हा बोललो, आणि दुसऱ्या खेपेला नऊ मिनिटांत संपलं. तेरा मिनिटं गळून पडली. त्यातलं एकही वाक्य मला आज आठवत नाही. तेव्हापासून प्रत्येक सिनेमावर मी आधी एकदा कान न लावता बोलतो, आणि मग लावून.

त्याची जागा हनुवटीखाली एक वीत. वर घेतला तर श्वास फुंकणीसारखा वाजतो, खाली नेला तर आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. ‘प’ आणि ‘फ’ त्याला सोसत नाहीत. ते उच्चारताना मान किंचित वळवावी लागते. आणि आरडाओरडा त्याला मुळीच चालत नाही. ओरडलं की आवाज फाटतो, मोबाईलच्या पडद्यावर लाल रेघ उठते, आणि फाटलेला आवाज मागाहून शिवता येत नाही. सिनेमावर बोलणाऱ्यांच्या जगात सध्या ओरडण्याला फार भाव आहे. ‘महाभयंकर’, ‘मास्टरपीस’, ‘पैसे पाण्यात’ – मधलं काही नाहीच. मला ते मनापासून वाईट वाटतं, कारण मधल्या जागेतच सिनेमा असतो. ‘फँड्री’त जब्या या पोराचं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय, शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, आणि ती सगळी माणसं जिथल्या तिथं ताठ उभी राहतात. त्या प्रसंगावर मी एक अख्खा व्हिडिओ केला. उभं राहणं म्हणजे काय, कुणी कुणापुढे, धावणाऱ्याला कुठला आवाज थांबवू शकतो, असं सगळं. ते ओरडून सांगता आलं नसतं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. आधी यूट्यूब चॅनेलवर एकूण दहा हजार वेळा कुणी काही बघितलं की जाहिरातीचे पैसे सुरू व्हायचे. मी सुरुवात केली आणि तीन महिन्यांत, फेब्रुवारी २०१८ पासून, नियम बदलला: एक हजार सदस्य, आणि वर्षभरात लोकांनी बघितलेले चार हजार तास. मराठी सिनेमावर, तेही होसकोट्यातून बोलणाऱ्या माणसाला हे तास जमवायला वेळ लागला. आजही त्या पैशात आमची सिनेमाची तिकिटं, प्रवास आणि वर एखादं जेवण सुटतं. घर कारखान्याच्या पगारावर चालतं. या धंद्याचं हे चित्र बहुतेकांचं आहे, आणि ते लपवायचं कारण मला दिसत नाही. अडचण आणखी एक असते. सिनेमातला तुकडा दाखवला की यंत्र तो ओळखतं आणि हक्काचा दावा येतो. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात समीक्षेसाठी उचित वापराची मुभा आहे, पण यंत्राला कलम वाचता येत नाही. वाद घालून तुकडा सोडवून घ्यायला दिवस जातात. म्हणून मी दाखवणंच सोडलं. प्रसंग तोंडानं सांगतो. रंग, हालचाल, कुणाच्या चेहऱ्यावर किती उजेड, सगळं आवाजातच. कानाचं काम त्यामुळे दुप्पट झालं.

या कामाला घराणं आहे, हे मला आवर्जून सांगायचं आहे. पालघरकडचे बाबूराव पटेल १९३५ मध्ये मुंबईत ‘फिल्मइंडिया’ मासिक काढून बसले, आणि त्यांच्या लेखणीला भले भले निर्माते वचकून असत. पडद्यावर बसून बोलणारे आम्ही मात्र रॉजर इबर्ट यांचे वारस. शिकागोच्या या वृत्तपत्रीय समीक्षकाला १९७५ मध्ये पुलित्झर मिळालं, आणि त्याच वर्षी जीन सिस्कल यांच्याबरोबर त्यांनी तिथल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर सिनेमाबद्दल बोलायला सुरुवात केली. दोन माणसं, दोन खुर्च्या, कॉलरला माईक. पुढे कर्करोगाच्या शस्त्रक्रियांनंतर २००६ मध्ये इबर्ट यांचा आवाज कायमचा गेला. मग स्कॉटलंडमधल्या एका कंपनीनं त्यांचाच आवाज यंत्रात पुन्हा जुळवायला घेतला, आणि त्यासाठी कच्चा माल म्हणून वापरलं काय, तर ‘सिटिझन केन’, ‘कॅसाब्लांका’ अशा सिनेमांच्या डीव्हीडींवर त्यांनी वर्षांपूर्वी केलेलं निरूपण. एका माणसानं सिनेमांवर प्रेमानं बोलून ठेवलं होतं, आणि ते बोलणं त्याला परत बोलता यावं म्हणून उपयोगी पडलं. हे वाचलं त्या रात्री मी कानाला चिमट्यातून सोडवून तळहातावर धरून कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

आता २०२१ मधल्या एका दिवसाचं सांगतो. माझ्या या कामातला तो सर्वांत महत्त्वाचा दिवस.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ आदल्या वर्षी व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार घेऊन आला होता आणि ३० एप्रिलला नेटफ्लिक्सवर लागणार होता. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या शरद नेरुळकरची गोष्ट. त्यात माई नावाच्या एक थोर गायिका आहेत, त्या पडद्यावर दिसत नाहीत. त्यांच्या जुन्या व्याख्यानांच्या ध्वनिफिती आहेत, आणि शरद रात्री रिकाम्या मुंबईतून मोटरसायकलवर जाताना कानात तोच आवाज ऐकत जातो. साधना, एकटेपण, तडजोड न करणं, यांवर तो आवाज शांतपणे बोलत असतो. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘अस्तु’ सुनील सुकथनकरांबरोबर करणाऱ्या सुमित्राताई. १९ एप्रिलला त्या पुण्यात गेल्या, आणि अकरा दिवसांनी त्यांचा आवाज घराघरांत आला.

कर्नाटकात कोरोनामुळे २७ तारखेपासून सगळं बंद झालं होतं. बिर्याणीच्या रांगा नव्हत्या. कल्याण मंडपाला कुलूप होतं. मी सिनेमा हेडफोनवर बघितला, आणि माईंचा आवाज सुरू झाला की प्रत्येक वेळी मागे जाऊन पुन्हा ऐकला. श्वास कुठं घेतात, कुठल्या शब्दाआधी थांबतात. अभिनय करणाऱ्याचा तो आवाज नव्हता. अर्धं आयुष्य सिनेमाच्या नादात घालवलेलं माणूस जसं बोलेल तसं ते बोलणं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कान लावून बसलो. होसकोट्यात इतकी शांतता त्यानं आणि मी कधीच ऐकली नव्हती. खिडकीबाहेर नारळाची झावळी हलली तरी पडद्यावरची रेघ उठत होती. मी सुमित्राताईंबद्दल बोलायला लागलो आणि महामार्गावरून ॲम्ब्युलन्स आली. लांबून, मग जवळ, मग गल्लीच्या तोंडाशी, मग कोलारच्या दिशेनं लांब. मी बोलायचा थांबलो. आवाज पुरता विरेपर्यंत चाळीस सेकंद गेले असतील. त्यात मधेच बायकोनं आतल्या खोलीत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आहे, माझा एक श्वास आहे. मग मी उरलेलं वाक्य पुरं केलं.

कापाकापी करायला बसलो तेव्हा ते चाळीस सेकंद निवडून बोट कापायच्या बटणावर ठेवलं होतं. नाही कापले. त्या सिनेमावर मी जे बोललो त्याचाच तो भाग होता, आणि तो भाग माझा नव्हता, कानाचा होता.

नंतर थेटरं उघडली आणि या धंद्याला नवे ताप सुरू झाले. मला अनोळखी माणसांची पत्रं येऊ लागली: अमुक सिनेमा शुक्रवारी येतोय, चांगलं बोलायचा तुमचा दर काय? मी उत्तर देत नाही. दक्षिणेत तर हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं आहे. ठरवून वाईट समीक्षा करून सिनेमा पाडतात, अशी तक्रार घेऊन २०२३ मध्ये एक दिग्दर्शक केरळ उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या सल्लागारानं पुढे सुचवलं, की प्रदर्शनानंतर अठ्ठेचाळीस तास समीक्षाच करू नये. तमिळ निर्मात्यांच्या संघटनेनं २०२४ मध्ये थेटराच्या आवारात प्रेक्षकांची मतं टिपणाऱ्यांना बंदी करा म्हटलं. पैसे घेऊन शिव्या देणारे आणि पैसे घेऊन ओवाळणारे, दोघेही आहेत, हे मी नाकारत नाही. पण उपाय म्हणून सगळ्यांचीच तोंडं दोन दिवस बांधायची, हे मला पटत नाही. मराठी सिनेमाला परगावी मिळतातच दोन दिवस. सोमवारी त्याचं पोस्टर उतरलेलं असतं. शनिवारी रात्री मी ‘उद्या सकाळचा खेळ आहे, जा’ असं म्हटलं नाही, तर मग म्हणायचं कधी?

या वर्षांत कान म्हातारा झाला. त्याची स्पंजची टोपी हरवली, बायकोनं काळ्या लोकरीची विणून दिली. वायर एका जागी सोलली, तिथं चिकटपट्टी आहे. नव्या मोबाईलला त्याची पिन बसेल असं भोकच नाही. म्हणून जुना मोबाईल केवळ त्याच्यासाठी ठेवलाय; त्याची बॅटरी गेली आहे, तो टेबलाजवळच्या प्लगला जोडलेला असेल तरच जिवंत राहतो. मधे मी बिनतारी माईक घेतला, सुपारीएवढा, आणि आवाज साफ करणारं सॉफ्टवेअरही. एक बटण दाबलं की ट्रक जातात, शिट्ट्या जातात, अजान जाते, झावळ्या जातात. पहिला व्हिडिओ तसा साफ करून बायकोला ऐकवला. ती दोन मिनिटं ऐकून म्हणाली, ‘हे कुठनं बोलताय?’ कुठूनच नाही, असं ते ऐकू येत होतं. थेटराबाहेर गर्दीत बोलायला मी तो नवा माईक वापरतो, त्याला नावं ठेवत नाही. घरी बसून बोलायचं असलं की म्हाताऱ्याला काढतो.

अज्जी दर रविवारी आम्ही बंगळूरहून परतलो की ओसरीवरून विचारतात, ‘पिक्चर हेंगिदे?’ पिक्चर कसाय? त्यांना मराठीचा गंध नाही. मी मोडक्या कन्नडात गोष्ट सांगतो, त्या मधेच पोराची आई कोण, जमीन कुणाची, असं विचारतात, आणि त्यांचे प्रश्न बहुधा नेमक्या जागी असतात. एकदा त्यांना सांगितलं, की कन्नडमधला पहिला बोलपट, १९३४ चा ‘सती सुलोचना’, आमच्या कोल्हापुरात छत्रपती सिनेटोनमध्ये चित्रित झाला. बंगळूरमधून माणसं तिकडं गेली आणि कन्नड सिनेमा तिथं बोलायला लागला. अज्जींनी तांदूळ निवडणं थांबवलं. ‘हंगाद्रे नम्मोरे,’ म्हणाल्या. मग तू आमचाच की.

त्यांचा सिनेमा एकच, कन्नड नट राजकुमारांचा ‘बंगारद मनुष्य’, १९७२चा. बंगळूरच्या स्टेट्स टॉकीजमध्ये तो दोन वर्षांच्या आसपास चालला. लग्न होऊन वर्ष झालेल्या अज्जी सासूला घेऊन बसनं तो बघायला गेल्या होत्या. शहरातून गावी आलेला राजीव खडकाळ माळावर शेती उभी करतो, बहिणीचं घर सावरतो, आणि शेवटी त्याच घरातून, एक शब्द न बोलता, निघून जातो. गेल्या महिन्यात मी म्हटलं, अज्जी, हे तुम्हीच सांगा. कन्नडमध्ये. मी खाली मराठी लिहीन.

त्यांच्या गुडघ्यांमुळे त्या आमच्या खोलीच्या दोन पायऱ्या चढत नाहीत. मोबाईल प्लगपासून हलवता येत नाही. मी टेबलाखालचं वेटोळं सोडवलं. वायरीला इतक्या वर्षांच्या घड्या पडलेल्या, ती सरळ होईना. टेबल, उंबरठा, दोन पायऱ्या, ओसरी, अज्जींचं स्टूल. चिमटा त्यांच्या पदराला लावला, हनुवटीखाली एक वीत. टेबलाखाली वायरीचा एक वळसाही उरला नाही.

आधी त्या फार मोठ्यानं बोलल्या, लाल रेघ उठली. ‘मेल्लगे, अज्जी,’ म्हटलं. हळू. मग त्यांनी सासूचं सांगितलं, बसचं सांगितलं, मध्यंतरात सासूनं पदराची गाठ सोडून दिलेल्या शेंगांचं सांगितलं. राजीव ताटावरून उठतो तिथवर आल्या आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी रेकॉर्डिंग थांबवायला उठलो.

अज्जींनी हात वर केला. ‘इर्ली बिडु,’ म्हणाल्या. राहू दे रे. आणि शिट्टी चालू असतानाच राजीवला घराबाहेर काढून त्यांनी रस्त्याला लावलं.